बुस्कलानच्या आजीकडून गोंदवून घ्यायचंय? मुंबईहून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या डाव्या मनगटाच्या जरा वर तीन ठिपके आहेत, आडव्या ओळीत. लोकलमध्ये वरची कडी धरली की बाही खाली घसरते आणि समोरची बाई हमखास विचारते, "हे काय गं, टिंब टिंब टिंब? वाक्य अर्धंच राहिलं का?" मग परळपासून ठाण्यापर्यंत मी फिलिपीन्सच्या डोंगरातल्या एका शंभरी ओलांडलेल्या बाईची गोष्ट सांगत राहते. तेच ते प्रश्न इतक्यांदा आलेत, की शेवटी एकदा बसून सगळं लिहून काढलं.

नेमकं कोणाकडे जायचं?

व्हांग-ओड यांच्याकडे. तिथला उच्चार 'फांग-ओड'च्या जवळ जातो. मनिला ज्या लुझॉन बेटावर आहे, त्याच बेटाच्या उत्तरेला कोर्दिलेरा नावाची डोंगररांग आहे. तिथे कलिंगा प्रांत, त्यात तिंगलायन तालुका आणि त्यात बुस्कलान हे गाव. गावातले लोक कलिंगांपैकी बुतबुत जमातीचे. सगळे बाईंना 'आपो' म्हणतात. वडीलधाऱ्या माणसाला मानाने हाक मारायचा तो तिकडचा शब्द. आपण आजी म्हणतो, तसंच.

त्यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९१७चा धरला जातो. पंधरा-सोळाव्या वर्षी वडिलांकडून गोंदण शिकल्या. हे काम तेव्हा पुरुषांचं, त्यामुळे मुलीच्या हाती गोंदणाचा काटा येणं ही नवलाची गोष्ट होती. या गोंदणाला 'बातोक' म्हणतात आणि गोंदणाऱ्याला 'माम्बाबातोक'. तरुणपणी त्यांना गावोगावी बोलावणं यायचं. शत्रूचं शिर आणलेल्या योद्ध्याच्या अंगावर त्याची खूण म्हणून त्या गोंदायच्या आणि वयात आलेल्या मुलींचे हात सौंदर्य म्हणून भरायच्या. शिरं कापण्याची प्रथा अमेरिकी राजवटीत बंद पाडली गेली, योद्धे उरले नाहीत, पुढे तरुण मुलींनाही भरलेल्या हातांची लाज वाटू लागली. २००९च्या सुमारास एका मानववंशशास्त्रज्ञाच्या टीव्ही मालिकेतून त्या जगापुढे आल्या. एप्रिल २०२३च्या 'व्होग फिलिपीन्स'च्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या तेव्हा वय १०६ होतं. 'व्होग'च्या मुखपृष्ठावर इतक्या वयाचं माणूस त्याआधी कधीच आलेलं नव्हतं.

त्यांनी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. ही विद्या रक्ताच्या नात्यातच द्यायची असा दंडक आहे. बाहेरच्याने काटा हातात धरला तर गोंदण चिघळतं, असं मानतात. म्हणून त्यांनी भावंडांच्या नाती, ग्रेस पालिकास आणि एलयांग विगान, यांना शिकवलं. आज गावातली बरीच तरुण मुलं-मुली गोंदतात.

कलिंगा म्हणजे अशोकाचं कलिंग का?

नाही हो. शेजारच्या इबानाग आणि गद्दांग भाषांत या शब्दाचा अर्थ 'शिरं कापणारे' असा आहे, तिथून नाव पडलं. आपल्या शब्दांचा प्रवास मात्र तिथवर झालेला आहे. फिलिपिनो भाषेत चेहऱ्याला 'मुखा' म्हणतात आणि शिक्षकाला 'गुरो'. बसमध्ये शेजारच्या बाईने स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून 'मुखा' म्हटलं आणि मी उडालेच.

मुंबईहून पोचायचं कसं?

मुंबईहून मनिलाला बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर नाहीतर हाँगकाँगला विमान बदलून जातात. मनिलाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. खरा प्रवास मनिलाच्या पुढे सुरू होतो.

मनिलाहून डोंगरात जायला दोन वाटा आहेत. एक उत्तरेकडून, रात्रीच्या बसने ताबुकला, आणि तिथून खाली तिंगलायनला. दुसरी दक्षिणेकडून, बानावेमार्गे बोंतोकला आणि बोंतोकहून बुस्कलानकडे. कोणतीही धरा, बसमध्ये दहा-बारा तास जातातच. माझं मत विचाराल तर दुसरी, कारण बानावेच्या आसपास इफुगाओ लोकांची भाताची पायऱ्यापायऱ्यांची खाचरं आहेत. त्यातले पाच समूह १९९५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. कोकणातल्या वरकस जमिनीवर आजोबांनी बांधलेले बांध पाहत मोठी झालेली मी, त्यातल्याच बाताड गावाच्या खाचरांवर उभं राहून नुसती बांध मोजत बसले.

बोंतोकहून पुढे जीपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकनांनी मागे टाकलेल्या जीपगाड्या लांब करून, रंगवून बनवलेलं हे वाहन म्हणजे तिकडचं वडाप. भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. माणसं, तांदळाची पोती, कोंबड्या, सगळं आत, उरलेलं टपावर. दोन-तीन तास रस्ता चिको नदीच्या काठाने वळणं घेत जातो. दिवसात गाड्या मोजक्याच असतात, म्हणून बोंतोकला सकाळी पोचाल असा बेत करा.

वाटेत बुगनाय गाव लागतं. तिथे मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. माक्लिइंग दुलाग या बुतबुत पुढाऱ्याचं हे गाव. १९७०च्या दशकात चिको नदीवर मोठी धरणं बांधायचा घाट फर्डिनांड मार्कोसच्या सरकारने घातला होता. गावं, खाचरं, पूर्वजांची थडगी सगळं पाण्याखाली जाणार होतं. दुलाग विरोधात उभे राहिले आणि २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी त्यांना घरातच गोळ्या घातल्या. धरणं झाली नाहीत. आपल्याकडे मुळशीकरांनी सेनापती बापटांसोबत लढूनही धरण झालंच. ते झालं नसतं तर आज मुळशीत काय दिसलं असतं, हा विचार त्या नदीकाठी डोक्यातून जाईना. आणि गंमत बघा, फेब्रुवारी २०२४मध्ये व्हांग-ओड यांना राष्ट्राध्यक्षांचं पदक मिळालं, ते देणारे राष्ट्राध्यक्ष त्याच मार्कोसचे चिरंजीव.

व्हिसा लागतो का?

जून २०२५पासून भारतीयांना पर्यटनासाठी चौदा दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं, आणि निघण्याआधी त्यांची ऑनलाइन प्रवास-नोंदणी भरावी लागते. नियम बदलतात, तिकीट काढण्यापूर्वी वकिलातीच्या संकेतस्थळावर नजर टाका.

ट्रेक किती अवघड आहे? मी फक्त पावसाळ्यात लोहगड करतो.

मग झालं की. गाडीरस्ता संपतो तिथून गाव साधारण अर्ध्या ते एका तासावर. बरीचशी वाट बांधलेल्या पायऱ्यांची आणि खाचरांच्या बांधावरची. लोहगडच्या पायऱ्या न थांबता चढणाऱ्याला दम लागेल, जीव जाणार नाही. कळसूबाईशी तर तुलनाच नको.

पण दरीकडची बाजू उघडी असते. आदल्या रात्री बसमध्ये झोप झालेली नसते आणि पाठीवर ओझं असतं, घसरायला एवढं पुरतं. सामान मनिलात ठेवून एक लहान सॅक तेवढी घ्या. चाकांची बॅग आणलेला एक जण मी पाहिला. ती बॅग डोक्यावर घेऊन तो चढला आणि मागून गावातली पोरं हसत होती. महिनाभर आधी दर रविवारी कान्हेरीपर्यंत नाहीतर नेरळहून माथेरानला चालत जाऊन या, गुडघ्यांना सवय होईल.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते एप्रिल. तिथलाही पाऊस जून ते ऑक्टोबरच, वर वादळं, आणि दरडी कोसळून रस्ते बंद होतात. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना दुपारनंतर पाऊस भेटतो. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा मात्र टाळा, अर्धं मनिला डोंगरात येतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, मुंबईकराला स्वेटर सापडेना अशी वेळ येऊ देऊ नका.

आजींचा नंबर आधी लावता येतो का? एजंट म्हणतो, थेट भेट घडवून देतो.

माझ्या मैत्रिणीने इथल्या एका एजंटला 'खास भेटी'चे पैसे मोजले होते. गावात पोचल्यावर ती आमच्यासारखीच ओट्यावर बसून राहिली, तिच्यापुढे चाळीस माणसं.

गावात शिरताना नोंदणी करावी लागते आणि स्थानिक गाइड घ्यावाच लागतो. रांगेतला क्रम, राहायचं घर, जेवण, सगळं तोच बघतो. क्रम कधी त्याच दिवशी लागतो, कधी दुसऱ्या. आपो सकाळी कामाला बसतात. थकल्या की उठतात, आणि त्यांनी उठणं म्हणजे उठणं. तिथल्या लोकांना त्याची कुरकूर करताना मी पाहिलं नाही, कुरकूर करणारे सगळे बाहेरून आलेले. म्हणून दोन रात्री हाताशी ठेवा. मुंबईपासून मुंबईपर्यंत आठ दिवस धरले तर घड्याळाकडे बघावं लागत नाही.

त्यांच्या हातून मोठी नक्षी मिळेल का?

नाही, आणि ती मागूही नका. नक्षी हवी असेल तर ती ग्रेस, एलयांग किंवा गावातले इतर तरुण गोंदतात. फळ्यावर नमुने काढलेले असतात, त्यातून निवडायची. आपो हल्ली तीन ठिपके देतात. ती त्यांची सही आहे, एक ठिपका त्या स्वतः आणि दोन त्यांच्या दोघी नाती, असं सांगतात. काही जण दंडावर नक्षी दुसऱ्याकडून काढून घेतात आणि खाली सहीला आपोंकडे येतात. चित्र एकाचं आणि सही दुसऱ्याची, हे मला पटलं नाही. मी ठिपके तेवढे घेतले.

दुखतं का? आणि गोंदतात तरी कसं?

पपनसाचा नाहीतर कलामान्सी नावाच्या छोट्या लिंबाचा काटा बांबूच्या काडीच्या टोकाला आडवा अडकवतात. भांड्याच्या बुडाची काजळी पाण्यात कालवून शाई करतात. गवताच्या काडीने कातडीवर आधी खूण करतात, मग काटा त्या जागी धरून वरून दुसऱ्या काडीने टकटक टकटक मारत जातात. यंत्राचा आवाज सुईसुई करत सलग येतो, इथे पत्र्यावर पाऊस पडावा तसा ताल.

दुखतं. यंत्रापेक्षा जास्त. काटा सुईपेक्षा जाड, आणि वयाची शंभरी उलटली म्हणून हात हलका पडत नाही. माझ्या तीन ठिपक्यांना काही मिनिटंच लागली. त्या एकदाही माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, हाताकडे बघत होत्या, आणि मधेच कुणाशी तरी डुकराच्या खाण्यावरून बोलत होत्या असं गाइडने नंतर सांगितलं. शेजारी दंड भरून घेणारा तरणाबांड गडी डोळे मिटून घामाघूम झाला होता.

रोगाची भीती?

आहे, आणि भाबडेपणाने जाऊ नका. रक्त येतं म्हणजे हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा विचार करायलाच हवा. काटा प्रत्येकाला नवा लागतो. तुमच्यासमोर तो नवा लावलाय का, हे बघा आणि दिसलं नाही तर विचारा, त्यात कुणाचा अपमान होत नाही. काजळीची वाटीही वेगळी मागा. हेपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणजे तयारी तिकिटाच्या कितीतरी आधी सुरू होते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा जखमेचा व्रण फुगत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात हा बेत पुढे ढकला.

मी शाकाहारी आहे. उपाशी मरेन का?

मरणार नाही, पण तक्रार कराल. भात मुबलक. 'मोंगो' म्हणून जे मिळतं ते आपले मूगच, फक्त त्यात डुकराचं मांस पडलेलं असू शकतं, म्हणून रांधण्याआधीच सांगावं लागतं. शेंगभाज्या आणि पालेभाज्या असतात. मसाला जवळजवळ नाही. आमच्यातल्या एकीने दादरहून शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं, तिच्याभोवती पहिल्या जेवणापासून गर्दी. कॉफी मात्र तिथलीच प्या. ती कलिंगाच्या डोंगरातच पिकते, आणि कोणत्याही घरात गेलात तरी कप पुढे येतो.

राहणं, पैसे, मोबाइल?

घरातच राहायचं, जमिनीवर अंथरूण, सामाईक न्हाणीघर. एटीएम गावात नाही, बोंतोक किंवा ताबुकलाच सुट्ट्या नोटा काढून घ्या. पेसो साधारण दीड रुपयाचा धरून हिशोब करा. रेंज येते-जाते. चार्जरची पिन दोन चपट्या पट्ट्यांची लागते, आपली गोल पिन बसत नाही, अडॅप्टर न्या.

तिकडे गांजा मिळतो म्हणे?

तिंगलायनच्या डोंगरांत त्याची चोरटी लागवड होते, हे खरं. परतीच्या वाटेवर पोलिसांच्या चौक्या असतात आणि बॅगा उघडतात, हेही तेवढंच खरं. फिलिपीन्सचा अमली पदार्थांचा कायदा अतिशय कडक आहे. कुणी 'आठवण' म्हणून पुडी देऊ केली तर हात मागे घ्या, आणि दुसऱ्याची बॅग उचलायला मदत करू नका.

आपण कलिंगा नाही. मग त्यांचं गोंदण अंगावर घ्यावं का?

हा प्रश्न मी स्वतःला बसमध्ये बारा तास विचारला. त्या स्वतः बाहेरच्यांना गोंदतात, आणि त्या कामावर गावाचं पोट आज बऱ्यापैकी चालतं. तेव्हा 'येऊ नका' असं तिथे कुणी म्हणत नाही. पण योद्ध्याच्या छातीवरची नक्षी पाहुण्यांसाठी नसते. ती कमावलेली असायची. फळ्यावरच्या बाकी नमुन्यांना अर्थ आहेत, गोम राखण करते, नेचाचं पान बाळंतपणाशी जोडलेलं आहे, डोंगर आहेत, शिडी आहे. निवडताना गाइडला अर्थ विचारा. 'इन्स्टाला भारी दिसेल' हे कारण तिथे मोठ्याने बोललं तर ओशाळायला होतं. आपल्याकडे गोंदणात विंचू काढतात, तोही उगाच सुचला म्हणून कुणी काढलेला नाही.

फोटो काढू देतात का?

विचारून काढा, फ्लॅशशिवाय, आणि गोंदताना तोंडाशी मोबाइल नेऊ नका. ऑक्टोबर २०१७मध्ये त्यांना मनिलातल्या एका व्यापारी प्रदर्शनात नेलं होतं. दोन-तीन दिवसांत शेकडो लोकांना गोंदायला लावलं आणि पत्रकार परिषदेत त्या बसल्या जागी पेंगतानाचा फोटो देशभर फिरला. बरीच बोंब झाली. ओट्यावर आपली पाळी यायची वाट बघताना मला तो फोटो आठवत होता, म्हणून मी त्यांचा एकही काढला नाही. नंतर हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू.

परत आल्यावर काळजी काय घ्यायची?

साध्या साबणाने हलकेच धुवायचं, खपली नखाने काढायची नाही, दोन-तीन आठवडे पोहणं बंद. त्यात वाटेतल्या नदीतली डुबकीही आली. हळद, चुना, शेजारणीचा लेप, काही नको. लोकलच्या गर्दीत दुसऱ्याची सॅक त्याच जागी घासते, पहिल्या आठवड्यात वर स्वच्छ सुती पट्टी बांधा. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर थेट डॉक्टरकडे. रक्तदान एक वर्ष करता येत नाही, पेढीत गोंदल्याचं सांगा. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी भरतीचे नियम आधी वाचा, तिथे गोंदण शरीरावर कुठे चालतं याची मर्यादा आहे.

एवढं जमणार नसेल तर मुंबईत काही पर्याय?

हाताने टोचून करणारे कलाकार आता मुंबईतही आहेत, बंद पाकिटातली सुई तुमच्यासमोर उघडणाऱ्याकडे जा. जत्रेतल्या यंत्रवाल्याकडे नको, तो एकाच सुईने दिवस काढतो.

घरचे काय म्हणतील?

माझी आई दोन दिवस बोलली नाही. "तीन टिंबांसाठी लाखभर रुपये घातलेस," एवढं म्हणाली आणि भांडी आपटली. आजी मात्र लालबागच्या आमच्या खोलीत खिडकीशी बसली होती, तिने माझा हात ओढून उजेडात धरला. तिच्या हनुवटीवर एक ठिपका आणि मनगटावर तुळस आहे, महाडकडच्या तिच्या गावी सुगीनंतर येणाऱ्या गोंदणारणीकडून काढलेली. तुळशीची पानं आता हिरव्या डागासारखी पसरलीत. लहानपणापासून तो हात माझ्या डोक्यावरून फिरलेला, पण ती तुळस काढताना दुखलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"दोघींनी धरून ठेवलं होतं मला," ती म्हणाली. "आणि आईने तिला सूपभर नाचणी दिली. तुझ्या म्हातारीला काय दिलंस?"

मी पेसोचा आकडा सांगितला. तिने तो ऐकून सोडून दिला, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "जेवली होती का ती, तुझं काढायच्या आधी?"